अचानक आलेलं बहिरेपण आणि थायरॉईड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी उठल्यावर एका कानाला दडा बसल्यासारखं वाटतंय. हे मळामुळे, सर्दीमुळे, की दुसरं काही?

घरातल्या घरात एक साधी चाचणी करता येते. तोंड मिटून 'हंऽऽ' असा एकच सूर धरा आणि तो कुठल्या कानात जास्त घुमतो ते बघा. बंद वाटणाऱ्या कानातच घुमला, तर बहुधा मळ, सर्दी किंवा पडद्यामागचं पाणी असं काहीतरी आवाजाच्या वाटेत आडवं आलेलं असतं. सूर चांगल्या कानाकडे सरकला, तर आतल्या कानाला म्हणजे शंखाकृती नलिकेला किंवा श्रवणाच्या नसेला धक्का बसल्याची शंका घ्यावी. कान-नाक-घसा तज्ज्ञ ५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) कपाळावर टेकवून हेच तपासतात, फक्त जास्त नेमकेपणाने.

व्याख्येप्रमाणे तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन स्वरपट्ट्यांवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकू येणं कमी झालं आणि दोष आतल्या कानाचा असला, तर त्याला अचानक आलेलं श्रवण-मज्जातंतूजन्य बहिरेपण म्हणतात. बऱ्याच जणांना ते फोन त्या कानाला लावल्यावरच कळतं. सोबत कानात शिट्टी किंवा रातकिड्यांसारखा आवाज येतो, आणि काहींना गरगरतं.

कानात कोमट तेल, थेंब, लसणाची फोडणी काहीही घालू नका. त्याने आतल्या कानापर्यंत काही पोहोचत नाही. उलट पडदा नीट दिसेनासा होतो आणि दोन-तीन दिवस हकनाक जातात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाकडे जा आणि 'कान दुखतो' असं न सांगता 'अचानक ऐकू येईनासं झालंय' असं सांगा, म्हणजे अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यावर ढकलली जाणार नाही. बहिरेपणासोबत तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं किंवा चालताना तोल जाणं यातलं काही असेल, तर दवाखान्याची वाट सोडून थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी मेंदूच्या मागच्या भागातल्या रक्तवाहिनीची शाखा असते, त्यामुळे कधीकधी हा पक्षाघात असतो.

थायरॉईड गळ्यात आणि बहिरेपण कानात. या दोघांचा संबंध येतो कुठून?

कान घडतानाच हा संबंध सुरू होतो. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि त्यांच्यावरचा जेलीसारखा पडदा योग्य वेळी पक्व व्हायला टी३ हे थायरॉईडचं संप्रेरक लागतं. रक्तातल्या टी४ या थायरॉईडच्याच दुसऱ्या संप्रेरकापासून टी३ बनवणारं विकर (एन्झाइम) खुद्द कानातच असतं. बाहेरच्या केसपेशी आवाजासोबत आखूड-लांब होऊन तो वाढवतात. त्यांना हे जमतं ते प्रेस्टिन नावाच्या प्रथिनामुळे, आणि त्याच्या निर्मितीवरही थायरॉईडचं नियंत्रण असतं. म्हणून जन्मतः थायरॉईड कमी असलेल्या काही बाळांना ऐकू कमी येतं. आयोडीनच्या तीव्र कमतरतेच्या प्रदेशांत गलगंडाबरोबर मूकबधिरपणा दिसत असे तोही याचमुळे. थायरॉईड संप्रेरकाला पेशी दादच देत नाहीत अशा एका आनुवंशिक विकाराचं पहिलं वर्णन १९६७ साली झालं. त्या भावंडांनाही ऐकू येत नव्हतं.

मोठेपणी गोष्ट वेगळी असते. कान घडून गेलेला असतो, आता त्याला फक्त नीट चालायचं असतं. आतल्या कानाच्या भिंतीतली एक रक्तवाहिन्यांनी भरलेली पट्टी पोटॅशियमचं पंपिंग करून साधारण ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवते. तो ढासळला की केसपेशी मुक्या होतात. हे पंप थायरॉईड संप्रेरकाच्या प्रभावाखाली असतात. शिवाय थायरॉईड फार कमी झालं की कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, आणि कानाला रक्त देणारी धमनी एकुलती एक असल्याने तिला पर्यायी वाट नसते.

म्हणजे थायरॉईडमुळेच माझा कान गेला का?

बहुतेक रुग्णांत अचानक बहिरेपणाचं ठोस कारण सापडतच नाही. विषाणू, रक्तपुरवठा, प्रतिकारशक्तीचा स्वतःवरच हल्ला, ही संशयितांची यादी आहे. थायरॉईडचा आजार असलेल्यांत हे बहिरेपण थोडं जास्त दिसतं, असं तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून आढळलं आहे. पोलंडमधल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थायरॉईडचा बिघाड हा सुधारणेवर परिणाम करणारा, पण दुर्लक्षित घटक असल्याचं मांडलं गेलं. पण 'सोबत दिसतं' म्हणजे 'त्यामुळेच झालं' असं नव्हे. हाशिमोटो म्हणजे प्रतिकारशक्तीने थायरॉईडवर हल्ला करण्याचा आजार ज्याला आहे, त्याच्या कानावरही तशाच प्रकारचा हल्ला झालेला असू शकतो. तिथे थायरॉईड आणि कान या एकाच कारणाच्या दोन शाखा ठरतात.

म्हणून 'गोळ्या नीट घेतल्या नाहीत म्हणून कान गेला' असं स्वतःला किंवा घरातल्या कुणाला ऐकवत बसू नका. ते सिद्ध झालेलं नाही आणि त्याने उपचाराला काहीच हातभार लागत नाही.

स्टिरॉइड सुरू करण्याआधी थायरॉईडचा रिपोर्ट यायची वाट पाहायची का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं झालं तर हे वाचा.

कानाचं घड्याळ दिवसांवर चालतं आणि थायरॉईडचं आठवड्यांवर. या बहिरेपणावर प्रामुख्याने स्टिरॉइड देतात. त्याचा फायदा व्हायचाच असेल तर तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास जास्त होतो, पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त. टी४ चं रक्तातलं अर्धं प्रमाण उतरायलाच सुमारे सात दिवस लागतात आणि गोळीचा डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं पिट्यूटरी ग्रंथीचं संप्रेरक; थायरॉईड कमी पडलं की हे वाढतं) स्थिरावायला सहा ते आठ आठवडे. थायरॉईड दुरुस्त होईपर्यंत थांबलात तर कानाची वेळ टळून गेलेली असेल.

करायचं इतकंच: पहिली स्टिरॉइडची गोळी तोंडात टाकण्याआधी रक्त देऊन मोकळं व्हा. रिपोर्ट संध्याकाळी येवो की दोन दिवसांनी, औषध त्याच दिवशी सुरू होऊ द्या.

अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं या आजारात सरसकट रक्ततपासण्या करू नका असं सांगतात. ते योग्यच आहे, कारण पंचवीस तपासण्यांच्या पॅकेजमधून कानाचं कारण क्वचितच निघतं. पण आधीपासून थायरॉईडची गोळी चालू आहे, गळ्याला गाठ आहे, वजन किंवा पाळीत बदल झालाय, घरात थायरॉईडचा आजार आहे, अशा माणसाची थायरॉईड तपासणी सरसकट म्हणता येणार नाही. तिच्यामागे कारण आहे.

रक्त देताना नेमकं काय सांगायचं आणि काय टाळायचं?

टीएसएच आणि फ्री टी४ (प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं टी४) पुरे. सुधारणेच्या संदर्भात डॉक्टरांना हवं असेल तर फ्री टी३, आणि हाशिमोटोची शंका असेल तर अँटी-टीपीओ (थायरॉईडवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी). 'टोटल टी३, टोटल टी४' असं जुनं पॅकेज पदरात पडतं, तेव्हा 'फ्री' आहे का ते विचारा. टोटलचे आकडे रक्तातल्या वाहक प्रथिनांवर अवलंबून असतात आणि गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे उगाच वाढलेले दिसतात.

रक्त सकाळी द्या आणि पुढच्या वेळीही साधारण त्याच वेळी. टीएसएच रात्री व पहाटे जास्त असतं आणि दुपारी उतरतं. थायरॉक्सिनची (थायरॉईड कमी असल्यास देतात ती टी४ ची) गोळी चालू असेल तर ती त्या दिवशी रक्त दिल्यानंतर घ्या. उपाशीपोटी असण्याची थायरॉईडला गरज नाही, पण स्टिरॉइड सुरू होणार असल्याने साखर तपासायचीच असते, म्हणून एकाच टोचणीत दोन्ही उरकतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बायोटिनमुळे. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. बऱ्याच यंत्रांमधली तपासणी बायोटिन चिकटण्याच्या तत्त्वावर चालते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त दिसतं. रिपोर्ट हुबेहूब हायपरथायरॉईडसारखा, म्हणजे थायरॉईड जास्त झाल्यासारखा येतो आणि माणूस ठणठणीत असतो. अशा गोळ्या किमान दोन दिवस बंद ठेवून रक्त द्यावं. कानाच्या घाईत तेवढा वेळ नसेल, तर रक्त आत्ताच द्या, प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना बायोटिनचं सांगा, आणि आकडा विचित्र आला तर नंतर पुन्हा करा.

स्टिरॉइड सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी केलेल्या तपासणीत टीएसएच ०.३ आलं. आता हायपरथायरॉईड झालं का?

बहुधा नाही. जास्त मात्रेतलं स्टिरॉइड पिट्यूटरीतून येणारं टीएसएच दाबतं आणि टी४ चं टी३ मध्ये होणारं रूपांतरही कमी करतं. म्हणजे टीएसएच थोडं कमी, टी३ कमी, टी४ बहुतेक ठीक, असं चित्र दिसतं. खऱ्या हायपरथायरॉईडमध्ये टीएसएच सहसा ०.०१ च्या आसपास गडप झालेलं असतं आणि टी३, टी४ वाढलेले असतात. इथे टी३ उलट कमी आहे, हाच फरक ओळखायचा.

याचा तोटा दुसऱ्या बाजूलाही होतो. ज्याचं टीएसएच खरं तर ८ होतं, त्याचं स्टिरॉइडवर ३.५ दिसू शकतं आणि 'थायरॉईड नॉर्मल' असा शिक्का बसतो. म्हणूनच आधी रक्त देण्याचा आग्रह. कोर्स संपल्यावर साधारण सहा आठवड्यांनी केलेली तपासणी जास्त भरवशाची. तोवर या आकड्यांवरून थायरॉक्सिनचा डोस वाढवू किंवा कमी करू नये.

धडधड आणि झोप उडणं ही स्टिरॉइडचीही नेहमीची लक्षणं आहेत. तेवढ्यावरून थायरॉईडला दोष देता येत नाही.

फ्री टी३ कमी आलंय. म्हणजे कान सुधारणार नाही?

असा निष्कर्ष काढू नका. थायरॉईड बिघडलेल्यांचं श्रवण तुलनेने कमी सुधारलं असं काही निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसलं आहे. पण टी३ वयाबरोबर उतरतं, आजारपणात, उपाशी राहिल्यावर, मधुमेह बळावल्यावरही उतरतं. वय आणि मधुमेह हे दोन्ही स्वतःच कमी सुधारणेशी जोडलेले आहेत. तेव्हा कमी टी३ हे कारण की शरीर थकल्याची खूण, हे एका रिपोर्टवरून वेगळं काढता येत नाही. टीएसएच आणि टी४ नीट असून फक्त टी३ कमी असेल, तर त्यासाठी टी३ ची गोळी देत नाहीत.

सुधारणेचा अंदाज बांधायला जास्त उपयोगी गोष्टी पुढच्या: सुरुवातीला किती ऐकू कमी झालं, सोबत गरगरणं होतं का, श्रवणचाचणीच्या आलेखाची (ऑडिओग्रामची) रेषा उजवीकडे खाली घसरते का, वय, आणि उपचार कितव्या दिवशी सुरू झाला. खर्जातले सूर गेलेले कान जास्त वेळा परततात. पूर्ण बहिरा झालेला आणि चक्करही आलेला कान कमी वेळा परततो.

थायरॉक्सिनची गोळी घेतली तर ऐकू येणं परत येईल का?

थायरॉईड खरंच कमी असेल तर गोळी घ्यायलाच हवी, पण ती थायरॉईडसाठी. कानाला तिचा काय उपयोग होतो ते प्रत्येकात वेगळं असतं. फार काळ दुर्लक्षित, तीव्र हायपोथायरॉईडमध्ये (थायरॉईड कमी असण्यात) कान आणि घसा जोडणाऱ्या नळीचं अस्तर सुजून मधल्या कानात पाणी साठतं. तो भाग गोळ्यांनी खरोखर सुधारू शकतो. आतल्या कानाचा भाग काहींत सुधारतो, काहींत नाही. केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

थायरॉईड नीट असताना 'कानासाठी' थायरॉक्सिन घेणं मात्र धोक्याचं. हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात आणि कानाला काहीच मिळत नाही.

टीएसएच १० च्या वर असेल किंवा फ्री टी४ कमी असेल, तर सहसा उपचार सुरू करतात. टीएसएच साडेचार ते दहाच्या मध्ये आणि टी४ नीट असेल तर घाई नको. स्टिरॉइड संपल्यावर, शक्य तर अँटी-टीपीओसह, पुन्हा तपासून ठरवावं. गर्भवती स्त्री याला अपवाद आहे, तिथे लगेच सल्ला घ्यावा. तरुण, निरोगी माणसात पूर्ण डोस वजनाच्या किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम असतो. वृद्ध किंवा हृदयरोगी माणसात १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमने सुरुवात करतात. कान गेला म्हणून हा डोस भराभर वाढवण्यात काही अर्थ नाही.

स्टिरॉइडची योग्य मात्रा किती? माझ्या चिठ्ठीवर डेफ्लाझाकॉर्ट ६ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आहे.

ही मात्रा या आजाराला अगदीच अपुरी आहे. प्रेडनिसोलोन किलोमागे १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम रोज, असा प्रचलित डोस आहे. ४८ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन म्हणजेही तेवढंच, १६ च्या तीन गोळ्या. डेफ्लाझाकॉर्टचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. हिशेब मांडा: साठ किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हवं, तर डेफ्लाझाकॉर्ट ७२ मिलिग्रॅम लागेल. चिठ्ठीवर आहेत १२. नस सुजलीय म्हणून दिल्या जाणाऱ्या छोट्या डोसची सवय इथेही हाताला लागते, म्हणून हे घडतं. डॉक्टरांना नम्रपणे विचारा, 'प्रेडनिसोलोनच्या हिशेबात हा डोस किती होतो?' स्वतःच्या मनाने मात्र वाढवू नका.

पूर्ण मात्रा ७ ते १४ दिवस, सगळी एकाच वेळी, सकाळी नाश्त्यानंतर, आणि मग हळूहळू उतरवत बंद. रात्री घेतली तर झोप येत नाही. दोन-तीन दिवसांत कान उघडला म्हणून कोर्स अर्ध्यावर सोडणं ही दुसरी नेहमीची चूक.

मधुमेह, नीट आटोक्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू, क्षयरोग झालेला किंवा चालू असलेला, पोटातला व्रण, पूर्वी मानसिक आजाराचा झटका, हे सगळं आधी सांगा. मधुमेह्याची साखर या काळात ३०० च्या वर सहज जाते, विशेषतः दुपार ते रात्र, आणि सकाळची उपाशीपोटीची नीट दिसते म्हणून फसगत होते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहा.

माझी थायरॉक्सिनची गोळी चालूच आहे. या दिवसांत ती कशी बसवायची?

गोळी पहाटे उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने. नाश्ता करून मग स्टिरॉइड. स्टिरॉइडबरोबर हाडांसाठी कॅल्शियम आणि पोटासाठी अँटासिड लिहून दिलेलं असतं. ही दोन्ही, तसंच लोहाची गोळी, थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात. त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा, म्हणजे कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनीही थायरॉक्सिन थोडं कमी शोषलं जातं. दोन-तीन आठवड्यांत त्याने विशेष बिघडत नाही, पण कोर्स संपल्यावरही ती महिनोन्‌महिने चालू राहिली तर टीएसएच चढतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. ती कधी बंद करायची ते विचारून ठेवा.

मला हायपरथायरॉईड आहे. स्टिरॉइड चालेल का?

हो, नुसत्या या कारणावरून ते नाकारत नाहीत. थायरॉईड अतोनात वाढून जीवावर बेततं त्या 'थायरॉईड स्टॉर्म'मध्येसुद्धा स्टिरॉइड हे उपचाराचा भाग असतं. साखर, नाडी आणि रक्तदाब यांवर लक्ष हवं, आणि थायरॉईड कमी करणारं कार्बिमाझोल चालूच ठेवावं. त्याच कामाच्या प्रोपिलथायोयुरासिल या औषधाने क्वचित रक्तवाहिन्यांना सूज येते आणि त्यात कानही सापडू शकतो. तेव्हा ते घेणाऱ्याने बहिरेपणाबरोबर सांधेदुखी, अंगावर जांभळे चट्टे किंवा लघवीतून रक्त असं काही दिसल्यास लगेच सांगावं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. थायरॉईडमुळे डोळे बाहेर येण्याच्या आजारावर तिथे २०२० मध्ये टेप्रोटुम्युमॅब या शिरेतून द्यायच्या औषधाला मान्यता मिळाली. त्याने ऐकू कमी होऊ शकतं आणि ते कायमचंही राहू शकतं, असा इशारा २०२३ मध्ये त्याच्या माहितीपत्रकात घातला गेला. उपचाराआधी, मध्ये आणि नंतर ऑडिओग्राम करून घ्यावा. या औषधावर असताना कान दडपला तर पुढचं सलाईन घेण्याआधी कळवावं.

कानात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात म्हणे. दुखतं का, आणि ते कुणासाठी?

तोंडाने स्टिरॉइड घेता येत नाही त्यांच्यासाठी ते सुरुवातीलाच देता येतं: साखर फार वाढलेली, गर्भारपण, काचबिंदू. आणि गोळ्यांनी पूर्ण सुधारलं नाही त्यांच्यासाठी दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान दुसरा प्रयत्न म्हणून. थायरॉईडच्या बाजूने पाहता त्याचा आणखी एक फायदा म्हणजे औषध रक्तात फार कमी जातं, त्यामुळे टीएसएचचे आकडे कमी गढुळतात.

पडदा बधिर करून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने ०.४ ते ०.८ मिलिलिटर औषध मधल्या कानात सोडतात. ते तिथून गोल खिडकीच्या पातळ पडद्यातून आत झिरपतं. नंतर तो कान वर करून १५ ते ३० मिनिटं पडून राहायचं आणि त्या वेळात शक्यतो गिळायचं, बोलायचं नाही. गिळताना कानाची नळी उघडते आणि औषध घशात उतरतं. घशात कडू चव लागली तर तेच झालंय समजा. औषध थंडगार असेल तर त्याच क्षणी सगळं गरगरायला लागतं, म्हणून बाटली आधी मुठीत धरून अंगाइतकी कोमट करून घेतात. दोन आठवड्यांत चारपर्यंत इंजेक्शनं होतात. पडद्याचं टोचलेलं छिद्र बहुतेकदा आपोआप भरतं. तोवर आंघोळीला कानात व्हॅसलिन लावलेला कापूस.

ऑडिओग्रामवर उजव्या-डाव्याच्या खुणा आहेत. त्यातून सुधारणा कशी मोजायची?

लाल गोल उजव्या कानाचा, निळी फुली डाव्याची. वरून खाली डेसिबल, म्हणजे खूण जितकी खाली तितकं ऐकू कमी. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार.

समजा डाव्या कानाचे आकडे ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झला अनुक्रमे ५५, ६०, ६५, ७० आहेत. सरासरी ६२.५. उपचारानंतर २५, ३०, ३५, ५० आले, सरासरी ३५. फायदा २७.५ डेसिबल. १९७५ पासून वापरल्या जाणाऱ्या सीगलच्या निकषांप्रमाणे ही अंशतः सुधारणा, कारण शेवटचा आकडा २५ ते ४५ च्या मध्ये आहे आणि फायदा १५ हून जास्त. २५ च्या आत आलं असतं तर पूर्ण सुधारणा.

आता चूक कुठे होते ते पाहा. एक कान पूर्ण बहिरा झाला तरी त्याच्यावर मोठा आवाज सोडला की तो कवटीतून दुसऱ्या, चांगल्या कानाला ऐकू येतो. रुग्ण बटण दाबतो. त्यामुळे मेलेल्या कानाचा आलेख ५५-६० डेसिबलवर खोटाच उभा राहतो. चांगल्या कानात सळसळ आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवणं, म्हणजे मास्किंग, केलेलं असेल तर खुणा बदलतात: उजव्याला त्रिकोण, डाव्याला चौकोन. एका कानाचा मोठा फरक आहे आणि कागदावर नुसते गोल आणि फुल्याच आहेत, तर मास्किंग झालं का ते विचारा. नाहीतर पहिला मास्किंगविना आणि दुसरा मास्किंगसह केलेला आलेख तुलनेला ठेवला जातो आणि उपचार चालू असताना कान 'आणखी बिघडला' असं वाटून माणूस हादरतो.

एमआरआय कशाला? आणि त्यातल्या औषधाने थायरॉईड बिघडतं का?

श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना हे पाहायला. अशी गाठ थोड्याच जणांत निघते, पण श्रवण पूर्ण परतलं तरीही ती असू शकते, त्यामुळे सुधारलो म्हणून टाळू नये. एमआरआयचं औषध गॅडोलिनियमचं असतं, त्यात आयोडीन नसतं. आयोडीन असतं ते सीटी स्कॅनच्या औषधात, आणि त्याने थायरॉईड काही आठवडे वर-खाली होऊ शकतं. मेंदूचा साधा सीटी या आजारात सहसा लागतही नाही.

उच्चदाबाचा ऑक्सिजन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या?

ऑक्सिजन कक्षात वातावरणाच्या दोन ते अडीच पट दाबाखाली ६० ते ९० मिनिटं, अशी साधारण दहा ते वीस सत्रं. स्टिरॉइडबरोबर पहिल्या दोन आठवड्यांत केलं तर उपयोग होऊ शकतो. खर्च आणि अंतर बघून ठरवा. विषाणूविरोधी औषधं, रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं आणि रक्ताची गुठळी विरघळवणारी औषधं नियमितपणे देऊ नयेत, असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या कानासाठी अजिबात नकोत. आयोडीनयुक्त मीठ जेवणात असेल तर तेवढं पुरे, आणि हाशिमोटोमध्ये जादा आयोडीनने थायरॉईड आणखी मंदावतं.

मुलाच्या गळ्याला सूज आहे आणि डोक्याला मार लागल्यावर त्याला ऐकू कमी येऊ लागलं. हेच का?

इथे गलगंड आणि बहिरेपण सोबत आणणाऱ्या पेंड्रेड सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा विचार आधी करावा. इंग्लंडमधले डॉक्टर वॉन पेंड्रेड यांनी १८९६ साली त्याचं वर्णन केलं आणि १९९७ मध्ये एसएलसी२६ए४ हा जनुक सापडला. याच जनुकाचं प्रथिन थायरॉईडमध्ये आयोडाइड आणि आतल्या कानात क्षार वाहून नेतं, म्हणून दोन्हीकडे बिघाड. गलगंड बहुधा किशोरवयात दिसू लागतो आणि टीएसएच अनेकदा नॉर्मलच असतं, त्यामुळे 'थायरॉईड ठीक आहे' म्हणून निदान निसटतं. सीटी किंवा एमआरआयमध्ये आतल्या कानाची एक नळी, मधोमध दीड मिलिमीटरहून रुंद झालेली दिसते. अशा कानात क्रिकेटचा चेंडू लागणं, पडणं यासारख्या किरकोळ धक्क्यानेही श्रवण एका दिवसात कोसळतं.

कबड्डी, कुस्ती, पाण्यात डोक्याकडून सूर मारणं टाळा, सायकलवर हेल्मेट घाला. थायरॉक्सिन गलगंडासाठी किंवा कमी थायरॉईडसाठी, त्याने ऐकू येणं परतत नाही. विकार दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो, तेव्हा पुढच्या प्रत्येक मुलाला २५ टक्के शक्यता. आतेभाऊ-मामेबहीण अशी लग्नं होत आलेल्या घरांत याचा सल्ला लग्नाआधी किंवा पुढच्या गरोदरपणाआधी घ्यावा.

किती दिवस वाट पाहायची? आणि नाहीच परतलं तर?

जास्तीत जास्त सुधारणा पहिल्या दोन आठवड्यांत दिसते. तीन महिन्यांनंतर नवी सुधारणा क्वचित. उपचार संपल्यावर एक ऑडिओग्राम आणि सहा महिन्यांच्या आत आणखी एक. थायरॉईडचं आठवड्यांचं घड्याळ इथे सोबत जुळवता येतं: स्टिरॉइड संपल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच, आणि त्याच फेरीत कानाची तपासणी.

थोडं ऐकू येत असेल तर साधं श्रवणयंत्र चालतं. कान पूर्ण गेला असेल तर बहिऱ्या बाजूचा आवाज माइकने चांगल्या कानाकडे पाठवणारं क्रॉस यंत्र, हाडातून आवाज नेणारं यंत्र, किंवा कॉक्लियर इम्प्लांट. यंत्र किमान काही दिवस घरी, बाजारात, रिक्षात वापरून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणचाचणी आणि यंत्राची जुळणी होते. रस्ता ओलांडताना आवाज कुठून येतोय हे एका कानाने कळत नाही, म्हणून पहिले काही महिने मान वळवून दोन्हीकडे पाहायची सवय लावावी. घरातल्यांनी चांगल्या कानाच्या बाजूला बसावं.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल विचारलं जातं. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरपट्ट्यांवर किमान ६० डेसिबलची हानी लागते. एकच कान गेला असेल तर ते बसत नाही.

दुसराही कान जाईल का?

दोन्ही कान एकदम किंवा पाठोपाठ जाणं विरळ. तसं झालंच, किंवा सुधारलेला कान स्टिरॉइड उतरवताना पुन्हा खाली आला, तर प्रतिकारशक्तीच्या आजाराची शंका बळावते, विशेषतः हाशिमोटो किंवा डोळे वारंवार लाल होण्याचा इतिहास असेल तर. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पहिले ऑडिओग्राम आणि स्टिरॉइडआधीचा थायरॉईड रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेले असतील, तर नव्या डॉक्टरांनाही पाच मिनिटांत तुलना करता येते.